निनवेच्या जिन्यावरची गोम

वार्तान केलेशियननं आयुष्यात एक्केचाळीस चित्रपट काढले. त्यातले चाळीस पोटासाठी. उरलेला एक मात्र त्यानं एका माणसाचं नाक कापण्यासाठी काढला, आणि हॉलिवूडच्या गावर स्ट्रीटवर, कमी पैशांत चित्रपट काढणाऱ्यांच्या गल्लीत, आम्ही लोक अजून बोलतो ते त्या एकाबद्दलच.

माणूस फ्रेस्नोकडचा. बाप आर्मेनियातून जीव मुठीत धरून आलेला, मनुक्याच्या द्राक्षांच्या मळ्यात मान मोडून काम करून तिथेच स्थिरावलेला. वार्तानला मळ्यात रस नव्हता. विसाव्या वर्षी तो हॉलिवूडला आला आणि आमच्या गल्लीत दोर ओढण्यापासून सुरुवात करून निर्माता झाला. आता निर्माता म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव, सिगार आणि लांबलचक गाडी येत असेल, तर ते सगळं आधी पुसून टाका. वार्तानचं ऑफिस एका लाँड्रीच्या माडीवर होतं. उन्हाळ्यात खालच्या वाफेनं भिंतीवरची पोस्टरं सुटून खाली यायची आणि बर्निस ती पुन्हा चिकटवत बसायची. ही बर्निस म्हणजे त्याची सेक्रेटरी. तीच फिल्म कापायची, जोडायची, आणि वेळ पडली तर भुताच्या तोंडचं किंचाळणंही तिचंच असायचं.

वार्तानचं काम उलट्या बाजूनं चालायचं. आधी पोस्टर, मग चित्रपट. एका म्हाताऱ्या चित्रकाराकडून तो पोस्टर रंगवून घ्यायचा. पुढे किंचाळणारी बाई, मागे काहीतरी अक्राळविक्राळ. ते गुंडाळून काखेत मारायचं आणि टेक्सासपासून ओहायोपर्यंत ड्राइव्ह-इनच्या मालकांना दाखवत फिरायचं. मोकळ्या माळावरचा तो भलामोठा पडदा, समोर गाड्यांच्या रांगा आणि गाड्यांत बसलेली तरणी जोडपी, ज्यांचं पडद्याकडे निम्मंच लक्ष, हेच त्याचं गिऱ्हाईक. मालकांनी पोस्टर बघून माना डोलावल्या की परत येऊन गोष्ट लिहायला बसायचं आणि सहा दिवसांत शूटिंग उरकायचं. नटानं सूट घरून आणायचा. कोणी चालताना अडखळला तर पुन्हा घ्यायचं नाही, ते पात्रच वेंधळं आहे असं ठरवून टाकायचं. त्याच्याकडे पोलिसांची म्हणून एकच गाडी होती. तिनं वीस चित्रपटांत वीस गावांचे दरोडेखोर पकडले होते.

पडद्यावर तो स्वतःचं नाव ‘वॅन केली’ असं लावायचा. केलेशियन वाचता वाचता लोकांच्या मक्याच्या लाह्या संपतील, असं थिएटरवाले म्हणायचे. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण प्रेस्टन गार्विन.

अठ्ठेचाळीस साली गार्विन आणि वार्तान भागीदार होते. भागीदारी हस्तांदोलनाची, कागद नाही. वार्तानला वाटायचं, मित्रात कागद कशाला. त्या वर्षी मोहावेच्या वाळवंटात त्यानं अकरा दिवसांत ‘कोरडी विहीर’ नावाचा चित्रपट काढला. पाण्याच्या एका डबक्यासाठी दोन भाऊ एकमेकांचा जीव घेतात, एवढीच गोष्ट. नट कोणी ओळखीचे नव्हते, पण चित्रपट असा उतरला की बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. गार्विन त्या अकरा दिवसांत वाळवंटाकडे फिरकला नाही, त्याला उन्हानं पुरळ यायचं. शेवटच्या दिवशी वार्तान उन्हानं चक्कर येऊन पडला आणि तापात दोन महिने इस्पितळात होता. तेवढ्यात गार्विननं फिल्मचे डबे उचलले, पॅलेडियन स्टुडिओच्या दारात नेले, आणि चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा पडद्यावर एकच नाव होतं: निर्माता, प्रेस्टन गार्विन.

फ्रेस्नोच्या थिएटरात वार्तानची आई आराक्सी चर्चमधल्या चौदा बायका घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. पोराचं नाव बघायला. सगळ्यांसाठी तिनं घरून पाकलावा, त्यांच्याकडची अक्रोडाची मिठाई, करून आणला होता. नाव आलं नाही. तिला इंग्रजी हळूहळू वाचता यायचं. तिला वाटलं, आपलीच नजर चुकली. चौदा बायकांना पुढे धाडून ती दुसऱ्या खेळाला एकटी बसली. रात्री तिनं इस्पितळात फोन केला.

“होकिस,” ती म्हणाली. माझ्या जिवा, असंच ती त्याला म्हणायची. “अक्षरं फार भरभर गेली रे. माझे डोळे आता थकलेत.”

नाव नव्हतं हे तिला कळलं होतं. तिनं पोराची लाज झाकली, आणि ते वार्तानला गार्विनच्या चोरीपेक्षा जास्त लागलं.

बरा झाल्यावर तो पॅलेडियनमध्ये गेला. ‘कोरडी विहीर’ गाजल्यामुळे गार्विनला तिथे गालिच्याची खोली मिळाली होती. शिंपी समोर उभा होता आणि गार्विन मांडीवर कापडाचे तुकडे पसरून बसला होता.

“अरे वॅन! उठलास का आजारातून?” गार्विन म्हणाला. “हे बघ, त्यांना दुसऱ्याच दिवशी नावाची पाटी हवी होती. तू तापानं फणफणला होतास. कोणाचं तरी एकाचं घालायचं होतं. पुढच्या वेळी तुझं घालू. बरं, मला सांग, हा करडा बरा दिसेल की निळा?”

आणि वार्तान, देवा रे, वार्तान म्हणाला, “निळा.”

आपण त्या वेळी ‘निळा’ म्हणालो, हे त्याला नऊ वर्षं जाळत राहिलं. गार्विननं खरंच निळा सूट शिवला आणि वर्तमानपत्रांतल्या सगळ्या फोटोंत तो त्याच सुटात दिसायचा. वार्तान ते फोटो कापून ठेवायचा. गार्विनचं लग्न, त्याचा बंगला, त्याच्या पार्ट्या, सगळं टेबलाच्या खालच्या खणात. बर्निस म्हणायची, “आईचा वाढदिवस विसरशील, पण ह्या माणसाचा नाही. कुंडली मांडतोयस का त्याची?” वार्तान म्हणायचा, “हो. मुहूर्त काढतोय.” द्राक्षाचा उन्हात मनुका व्हावा तशी त्याची ती चीड वाळत गेली, लहान झाली आणि गोडही. त्याला एवढंच हवं होतं की गार्विन सगळ्यांसमोर आपटावा, आणि आपटताना कोणाच्या हातानं आपटला ते त्याला वाचता यावं. आपलं खरं नाव त्यानं त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

सत्तावन्नच्या ऑगस्टमध्ये मुहूर्त लागला. पॅलेडियननं ‘निनवेची सम्राज्ञी’ हा एका प्राचीन नगरीच्या राणीचा चित्रपट काढायला घेतला होता आणि निर्माता होता गार्विन. आजवर कोणी उभारला नसेल एवढा मोठा महाल त्यांनी एका सेटवर उभारला. काळ्या दगडाचं कुंड, चाळीस पायऱ्यांचा जिना, आणि जिन्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या तोंडाचे, पंखवाले, घराएवढे बैल. शूटिंग बरंचसं आटोपलं आणि राणीचं काम करणारी बाई काविळीनं आडवी झाली. काही दृश्यं पुन्हा घ्यायची होती, म्हणून सेट पाडता येईना. तो तसाच कुलूप लावून ठेवला. किल्ली होती ड्युईकडे.

ड्युई स्टबलफील्ड पॅलेडियनचा मुख्य सुतार. आर्कान्सासचा माणूस, वय त्रेसष्ट, दाराएवढा उंच. त्याच्या पेन्शनला चौदा महिने उरले होते. जुन्या काळी तो आमच्याच गल्लीत काम करायचा आणि एका खिळ्यावर भिंत कशी उभी ठेवायची हे वार्तानला त्यानंच शिकवलं होतं. वार्तान त्याला गाठायला गेला तेव्हा तो रस्त्याकडेच्या खाणावळीत राजम्याचं तिखट कालवण ओरपत होता.

“सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी,” वार्तान म्हणाला. “शनिवार, रविवार, सोमवार. स्टुडिओ बंद. तीन दिवस दे मला.”

“कशासाठी?”

“गोमेसाठी. जमिनीखाली गाडलेल्या महालात एक गोम असते. तीस फुटी.”

ड्युईनं चमचा खाली ठेवला आणि पोट धरून हसला. “तीस फुटी! लेका, तुझी गोम माझ्या सेटपेक्षा महाग होईल की.”

“रबराची आहे. आत तीन माणसं.”

आता हे ऐकून तुम्ही दचकू नका. मोठ्यांचे सेट सुट्टीच्या दिवशी लहानांनी वापरायचे, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. स्टुडिओच्या साहेबांना ते ठाऊक असायचं आणि ते दुसरीकडे बघायचे. सुताराला बाटल्यांची एक पेटी मिळायची. पण ह्या उसनवारीला एक रीत होती आणि ती कोणी मोडत नसे. सेट पूर्ण दाखवायचा नाही, कोपरा घ्यायचा, धूर सोडायचा, ओळखू येईल असं जे काही असेल ते झाकायचं. आणि ज्याचा सेट त्याचा चित्रपट आधी लागू द्यायचा. उसना कोट घालून कोणी मूळ मालकाच्या लग्नाला जात नाही, तसंच.

“कुंडाचा कोपरा घे,” ड्युई म्हणाला. “जिना नाही. बैल नाहीत. त्यांच्यावर मी स्वतः काळं कापड टाकीन. आणि ‘सम्राज्ञी’ लागल्यावरच तुझी गोम बाहेर काढायची.”

“कबूल.”

“वॅन, माझ्याकडे बघून सांग. हा गार्विनचा सेट आहे. मला ठाऊक आहे तुझ्या पोटात काय आहे ते.”

“ते जुनं झालं, ड्युई,” वार्तान त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला. “शब्द देतो.” दोघांनी हात मिळवले. कागद नाही. मित्रात कागद कशाला.

शनिवारी सकाळी ड्युईनं बैलांवर कापड टाकलं, जिन्याला आडवा दोर बांधला, आणि दिवसभर तिथेच स्टूल टाकून बसला. गोम कुंडाच्या कोपऱ्यात शहाण्यासारखी वळवळली. रविवारी त्याच्या बायकोच्या, ओपलच्या, चर्चची सहल होती. “मी सोमवारी संध्याकाळी येतो आवरायला,” असं म्हणून तो किल्ली वार्तानच्या हातात ठेवून गेला.

रविवारी सकाळी वार्तान त्या महालात एकटा उभा राहिला. वर बघितलं. कापडाखाली गार्विनचे बैल, दोरापलीकडे गार्विनचा जिना. नऊ वर्षं. तो शिडी घेऊन आला.

“काय करतोयस?” बर्निसनं विचारलं.

“ऊन येऊ देतोय.”

“वॅन, त्या म्हाताऱ्याला तू शब्द दिलायस.”

“गार्विननंही माझ्याशी हात मिळवला होता.”

“मग गार्विनला फसव. ड्युईनं तुझं काय घोडं मारलंय?”

“ड्युईला काही होणार नाही. सुतारावर कोण डूख धरतं?” असं म्हणून त्यानं एक गाठ सोडली आणि कापड धप्पकन खाली आलं. त्याला खरंच तसं वाटत होतं का, हे मला सांगता येत नाही. मला विचाराल तर त्याला त्या क्षणी ड्युई आठवतच नव्हता.

मग त्यांनी काय काय घेतलं म्हणता! गोम चाळीस पायऱ्या चढली. अर्ध्यात मधल्या माणसाचा पाय घसरला आणि गोमेचं कंबरडं मोडून मागचा भाग गडगडत कुंडात पडला. वार्तान ओरडला, “थांबू नका, असंच राहू दे!” गोम बैलाच्या दाढीला लटकली. बैलाच्या पंखावर बसून तिनं मिशा पुसल्या. नायिका जिन्यावरून उतरत असताना ती पाठीमागून हळूच डोकावली. महालाचा एकही कोपरा सुटला नाही. सोमवारी दुपारी सगळं पुन्हा झाकलं, दोर बांधले.

संध्याकाळी ड्युई आला. त्यानं कापड बघितलं, जवळ गेला, दोराला बोट लावलं.

“ही गाठ माझी नाही.”

“धूळ बसली होती. झटकायला काढलं,” वार्तान म्हणाला.

ड्युईनं गाठ सोडून पुन्हा आपल्या हातानं बांधली. मग म्हणाला, “ठीक आहे,” आणि दिवे मालवायला लागला. विश्वास बसला म्हणून नव्हे. बसवून घ्यायचा ठरवला म्हणून.

‘पाताळातली गोम’ नोव्हेंबरात लागली. सम्राज्ञीच्या आधी अडीच महिने. पोस्टरवर जिना होता, दोन्ही बैल होते. आणि चित्रपटाच्या सुरुवातीला पडदाभर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं: निर्माता, वार्तान केलेशियन. वॅन केली नाही. अकरा सेकंद हललीच नाहीत. लॅबवाल्यानं विचारलं, चुकून लांबलं का? वार्तान म्हणाला, “वाळवंटात दिवसही अकराच होते.” लॅबवाल्याला काही कळलं नाही.

गोमेनं माळरानं भरून टाकली. गाड्यांतली जोडपी एकमेकांना सोडून पडद्याकडे बघायला लागली, हे वार्तानच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. बैलाची दाढी आली की लोक गाड्यांचे भोंगे वाजवायचे. फ्रेस्नोला चुलतभावांनी आराक्सीला ट्रकमध्ये पुढे बसवून नेलं. फोनवर ती म्हणाली, “नाव वाचलं रे. चांगलं मोठं होतं. पण होकिस, किडे कशाला दाखवतोस लोकांना? जेवणाच्या वेळी?”

आता तुम्ही विचाराल, पॅलेडियनमध्ये कोणालाच कसं कळलं नाही? तर तिथली मंडळी ड्राइव्ह-इनला जात नसत. तिथे काय लागतं, कोण काढतं, ह्याची चौकशी करणंसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटे. गार्विननं नऊ वर्षांत गाडीत बसून एकही चित्रपट पाहिला नव्हता. त्याच तोऱ्यानं त्यांनी जानेवारीत ‘सम्राज्ञी’चा गुपचूप खेळ ठेवला, तोही सान बर्नार्दिनोला. मोठा चित्रपट देशभर लावण्याआधी एखाद्या साध्या गावात न सांगता दाखवायचा, बाहेर पडणाऱ्यांना कार्डं वाटायची, आणि त्यांनी काय लिहिलं ते बघून कापायचं, जोडायचं, अशी ती पद्धत. त्या साध्या गावात चार ड्राइव्ह-इन होती आणि चारींवर गोम पाच-पाच आठवडे चालली होती.

बर्निसनं बातमी काढली. वार्तान निळा सूट शिवून घेऊन तो घालून गेला. शेवटच्या रांगेत बसला. पुढे दोर लावून राखलेल्या रांगेत पॅलेडियनचे साहेब आणि मध्ये गार्विनची, केस करडे झालेली मान.

पहिली वीस मिनिटं लोक चांगले बसले होते. मग तुताऱ्या वाजल्या, महाल उजळला, दोन्ही बैल दिसले, आणि मधूनच कोणीतरी बाई खुदकन हसली. कुजबुज सुरू झाली. राणी जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. गंभीर चेहरा, डोळ्यांत पाणी. नवऱ्याचं प्रेत बघायला ती उतरत होती. दहाव्या पायरीवर असताना मागच्या अंधारातून एक दणदणीत आवाज आला:

“ए बाई, मागे बघ! गोम!”

थिएटर कोसळलं. लोक खुर्च्या बडवायला लागले. राणी एकेक पायरी उतरत होती आणि शेकडो माणसं मोजत होती, अकरा, बारा, तेरा. चौदाव्या पायरीला, जिथे गोमेचं कंबरडं मोडलं होतं, तिथे सगळे मिळून “धप्प!” असं ओरडले. राजाच्या प्रेतावर राणी कोसळली तेव्हा एकजण खोकल्यानं गुदमरत बाहेर पळाला. वार्तान हसला नाही. त्यानं पूर्ण वेळ त्या करड्या मानेकडे बघितलं. ती मान हळूहळू खांद्यांत गेली. वार्तानच्या छातीत असं काही सैल झालं की त्याला रडू आलं. कोणी मला म्हणत असेल की सूड घेऊन समाधान मिळत नाही, तर त्यानं त्या वेळचा वार्तान बघायला हवा होता. पोटभर मिळालं.

खेळ संपल्यावर तो बाहेरच्या दालनात गेला. गार्विन भिंतीला टेकून कार्डं वाचत उभा होता. ‘गोम कुठे आहे?’ ‘गोमेचं काम जास्त चांगलं होतं.’ वार्तान त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

“वॅन?” गार्विननं मान वर केली. त्याला ओळखायला दोन क्षण लागले. “तू इथे?”

“गोम माझी आहे.”

गार्विननं हातातला गठ्ठा नीट जुळवला. मग त्यानं कार्डं खिशात घातली. चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. हिशेबी माणसाचं लक्ष होतं. “अच्छा. तुझी काय? पण तुला सेट दिला कोणी?”

“सेट जाऊ दे. नाव वाचलंस का? पडदाभर आहे. जाऊन वाच.”

“नाव कोण वाचतं, वॅन?” गार्विन वैतागून म्हणाला. “मी विचारतोय, दार कोणी उघडलं? पहारेकरी? नाही, किल्ली सुताराकडे असते.” तो थांबला. “तो तुमचा गावर स्ट्रीटचा म्हातारा. ड्युई. तोच ना?”

‘नाही’ म्हणायला एक श्वास पुरे होता. पहारेकऱ्यानं दिलं म्हणायचं, खिडकीतून शिरलो म्हणायचं, काहीही म्हणायचं. ह्याच माणसानं वीस वेळा एका लुटुपुटीच्या गाडीला पोलिसांची गाडी म्हणून खपवलं होतं. पण त्याच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती.

“तू माझं नाव पुसलंस, गार्विन,” तो म्हणाला. “नऊ वर्षांपूर्वी. आठवतंय का?”

“ड्युईच,” गार्विन स्वतःशीच म्हणाला आणि फोन करायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युईची हत्यारांची पेटी पॅलेडियनच्या फाटकाबाहेर रस्त्यावर ठेवलेली होती. पेन्शन गेली. बाकीच्या मोठ्या स्टुडिओंनीही त्याला दारात उभं केलं नाही, कारण उसनवारीची रीत मोडणारा सुतार कोणाला हवा? रीत कोणी मोडली हे विचारायला कोणाला सवड नव्हती. ‘सम्राज्ञी’मधला जिना कापला, जिन्याबरोबर निम्मी गोष्ट गेली, आणि उरलेलं दोन आठवड्यांत बसलं. गार्विनला काढलं. आमच्या गल्लीत त्या दिवशी वार्तानला लोकांनी उचलून घेतलं, मीही घेतलं. पुढे उन्हाळ्यात गार्विन टेलिव्हिजनमध्ये शिरला आणि त्याला आधीच्यापेक्षा मोठी खोली मिळाली. टेलिव्हिजनवाल्यांनी त्याला गोमेबद्दल विचारलंसुद्धा नाही. तेही ड्राइव्ह-इनला जात नसत.

वार्तान ड्युईच्या घरी गेला. ओपलनं जाळीचं दार उघडलं नाही. जाळीमागूनच म्हणाली, “तो अंगणात आहे, पण तू जाऊ नकोस.” वार्तान तिथूनच मोठ्यानं म्हणाला, “ड्युई, माझ्याकडे ये. सगळ्यात जास्त पगार देतो.” अंगणातून करवतीचा आवाज येत राहिला.

महिन्याभरानं ड्युई आला. लाँड्रीशेजारचा जिना चढून, खांद्यावर पेटी. “काय बनवायचंय?” एवढंच म्हणाला. वार्तान उठून त्याला मिठी मारायला गेला, तर त्यानं पेटी दोघांच्या मध्ये खाली ठेवली.

तेव्हापासून वार्तानची झोप उडाली. ड्युई वेळेवर यायचा, चोख काम करायचा, जेवायला एकटा बसायचा. शिवी नाही, टोमणा नाही. ओरडला असता तर वार्तान पाया पडला असता. पण सूड काय असतो हे वार्तानपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? तो प्रत्येक सेटवर नटांच्या आधी स्वतः चढायचा. सज्ज्यावर उड्या मारून बघायचा. शिड्यांच्या पायऱ्या ठोकून बघायचा. एकदा त्यानं दुसरा सुतार आणून ड्युईचं काम तपासून घेतलं. तो सुतार म्हणाला, “साहेब, ह्याच्यावर हत्ती नाचवा.” ते ऐकून वार्तान जास्तच घाबरला. त्यानं फिल्मचे डबे घरी नेऊन पलंगाखाली ठेवायला सुरुवात केली. बर्निस म्हणाली, “गार्विनचे फोटो ठेवायचास, आता ड्युईचेही ठेव.” तो चिडला नाही.

असं दीड वर्ष गेलं. एका दुपारी ते जहाजाचा सेट उभारत होते. बाकीचे जेवायला गेले होते. ड्युई गुडघ्यांवर बसून कठड्याला फळी ठोकत होता, तोंडात खिळे. वार्तान त्याच्या मागे येऊन उभा राहिला.

“ड्युई, एक विचारू?”

ड्युईनं मान हलवली.

“तू कधी करणार आहेस?”

“काय?” खिळ्यांमधूनच तो म्हणाला.

“जे काही करायचं असेल ते. मला आता सहन होत नाही. करून टाक एकदाचं.”

ड्युईनं तोंडातले खिळे तळहातावर काढले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यानं वार्तानकडे नीट बघितलं.

“तुला किती वर्षं लागली होती, लेका?”

“नऊ.”

“मग?” ड्युई म्हणाला. “मला कसली घाई आहे? ही फळी धर जरा. सरकतेय.”

वार्तान खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी फळी धरली. बोटं खिळ्याच्या अगदी शेजारी होती. ड्युईनं हातोडा उचलला. खिळा एका घावात सरळ आत गेला. त्यानं दुसरा खिळा लावला, पहिल्यापेक्षा जरा जवळ, आणि वार्तान हात न हलवता तसाच बसून राहिला.